दोरीचं दुसरं टोक

पैज लागली लाँड्रीसमोरच्या बाकड्यावर, आणि लागली ती केसांवरून.

बाकड्यावर दोघे बसले होते, सलूनवाला आणि टेलर. राहायला एकाच इमारतीत. टेलर तळमजल्यावर, दुकानाच्याच मागच्या खोलीत. सलूनवाला तिसऱ्या मजल्यावर, पण त्याचं सलून मात्र रस्त्याच्या पलीकडे, अगदी समोर, औषधांच्या दुकानाला लागून. दिवसातून एकदा भांडल्याशिवाय दोघांनाही अन्न पचायचं नाही.

"ते डोकं बघ," सलूनवाला म्हणाला.

समोरून दुसऱ्या मजल्यावरचे ड्रायव्हरकाका पावाची पिशवी घेऊन येत होते. केस कानांवरून उतरून कॉलरच्या आत शिरलेले. एका पायात तपकिरी चप्पल, एका पायात काळी.

"अकरा महिने," सलूनवाला म्हणाला. "अकरा महिन्यांत माझ्या खुर्चीला पाठ लावली नाही त्यांनी. गिऱ्हाइकं विचारतात, तुमच्याच बिल्डिंगमधले ना हे? मी सांगतो, असतील, ओळख नाही."

"नाही यायचे ते. रस्ता ओलांडत नाहीत. तुला काय माहीत नाही?"

"महिनाभरात आणतो."

"उचलून?"

"त्यांच्या पायांनी. पांढऱ्या पट्ट्यांवरून. आणून खुर्चीत बसवतो."

टेलरने मिशीवरून हात फिरवला. एकोणीस वर्षांची मिशी होती, दोन्ही टोकं वर वळवलेली. मापं घेताना गिऱ्हाइकाच्या खांद्याला टोचायची. "लाव पैज."

"लावली. हरलास तर तुझी अर्धी मिशी माझी. संध्याकाळच्या गर्दीत चौकात बसवून भादरणार, आणि मग पट्ट्यांच्या मधोमध तीन सिग्नल उभं राहायचं."

"आणि तू हरलास तर मी तुला फ्रॉक शिवतो. फ्रिलचा. तो घालून तीन सिग्नल तू उभा राहायचंस."

"गुडघ्याच्या वर की खाली?"

"वर."

"चालेल," सलूनवाला म्हणाला. "पाय चांगले आहेत माझे."

लाँड्रीवाल्याने साक्षीदार म्हणून दोघांचे हात सोडवले आणि इस्त्री पुन्हा उचलली. काका त्यांच्या समोरून गेले. कुणाकडे पाहिलं नाही आणि टाळलंही नाही.

*

काकांनी एकतीस वर्षं बस चालवली. साधा आरसा फुटला नाही कधी. शेवटच्या वर्षी, शहराच्या दुसऱ्या टोकाला, एक माणूस छत्री बंद करत करत फुटपाथवरून खाली उतरला. सिग्नल काकांचा होता. वेग अठराचा. ब्रेकही बरोबर लागला, पण बस बसच्या पद्धतीनेच थांबते. तो माणूस दोन दिवसांनी गेला. चौकशी झाली. 'चालकाचा दोष आढळत नाही' असं पत्र आलं. ते काकांनी टेबलाच्या खणात ठेवलं, मिक्सर आणि पंख्याच्या गॅरंटी कार्डांबरोबर. राहिलेले तीन महिने डेपोत, सापडलेल्या वस्तूंच्या खोलीत बसून काढले आणि रिटायर झाले.

रस्ता ओलांडायचा नाही असं काही त्यांनी ठरवलं नव्हतं. एका सकाळी पट्ट्यांपाशी उभे राहिले. समोर सिग्नलचा हिरवा माणूस लागला, गेला, परत लागला. त्या छत्रीवाल्याने त्यांच्याकडे पाहिलं नव्हतं, एवढंच डोक्यात येत होतं. तो छत्रीच्या बटणाकडे बघत होता. वर, सीटवर बसून बघितलं की खालचा माणूस किती छोटा दिसतो, हे चालणाऱ्यांना कुणी सांगत नाही. मग काका घरी आले. दुसऱ्या दिवशी त्यांचं पलीकडे काही काम निघालं नाही. तिसऱ्या दिवशीही नाही.

पलीकडे काम म्हणजे काय, तर आक्का. त्यांची मोठी बहीण. आई गेल्यावर हिनेच वाढवलं होतं, स्वतःची वेणी घालता घालता त्यांचा पाढा घेत. काकांनी लग्न केलं नाही, ड्यूटीच्या वेळाच तशा. सुट्टीचं जेवण आक्काकडे, हे एकतीस वर्षं चाललं. आक्का सलूनच्या बरोबर वर, पहिल्या मजल्यावर राहायची. जिना शिडीसारखा उभा आणि आक्काचे गुडघे गेलेले. त्यामुळे ती खाली येऊ शकत नव्हती आणि हे पलीकडे जात नव्हते. मधे चार लेनचा रस्ता.

रोज सकाळी दहाला दोघं आपापल्या गॅलरीत यायची आणि समोरासमोर उभं राहून फोनवर बोलायची.

"उठलास?"

"हो."

"काय खाल्लंस?"

"पाव."

"कालही पाव."

"कालचा संपला. हा आजचा."

"हात वर कर बघू."

काका हात वर करायचे.

"कर खाली. लोक बघतायत."

पैज लागली त्याच्या दुसऱ्या दिवशी आक्का म्हणाली, "पोरगा येतोय तीस तारखेला. गाडी घेऊन. मला कायमची त्याच्याकडे नेतोय. तिकडे लिफ्ट आहे म्हणे."

"बरं."

"बरं काय बरं?"

"मग काय म्हणू?"

"काही नको म्हणूस." मधून दोन बसेस गेल्या आणि ती दिसेनाशी झाली, मग परत दिसली. "हा जिना मी एकदाच उतरणार आहे. उतरले की परत चढता यायचं नाही. सांगून ठेवते."

"बरं," काका म्हणाले.

फोन ठेवून ते आत आले. आता पोटात काहीतरी व्हायला हवं, हे त्यांना समजत होतं. त्यांनी खुर्चीत बसून वाटही बघितली. बंद इंजिनात गिअर टाकावा, दांडी इकडून तिकडे जावी आणि खाली काही हलू नये, तसं. चहा समोर होता. तो गार झाल्याचं तो संपल्यावर कळलं.

*

सलूनवाल्याचा डाव सोपा होता. चौकातल्या ट्रॅफिक पोलिसांच्या मॅडमना स्वयंसेवक हवे होते. सकाळी आठ ते अकरा गर्दी एवढी की माणसं लाल दिव्यातही रस्त्यात घुसायची. सलूनवाला केबिनमध्ये गेला आणि काकांचं नाव देऊन आला. त्याचा हिशोब असा की महिनाभर एखाद्याला पट्ट्यांच्या काठावर उभं केलं, तर एक दिवस कंटाळून का होईना, तो पलीकडे जाईलच.

नारिंगी जाकीट घेऊन तो दुसऱ्या मजल्यावर गेला. "काका, तुमचं नाव आलंय."

"कुठे?"

"यादीत. पोलिसांच्या."

"आता काय केलं मी?"

"काही केलं नाहीत म्हणूनच आलंय. घाला हे."

काकांनी जाकीट घातलं. नाही म्हणायलाही थोडं बळ लागतं, ते त्यांच्याकडे नव्हतं.

टेलरला हे कळलं तेव्हा त्याचा जीव वरखाली झाला. सलूनवाला तिथे काहीतरी लबाडी करणार, मागून ढकलणार, चक्कर आल्याचं नाटक करून म्हाताऱ्याला खांद्यावर टाकणार. म्हणून दुसऱ्या दिवशी त्यानेही आपलं नाव दिलं, आणि काकांच्याच जोडीला मागून घेतलं.

मॅडम उंच होत्या, आवाज बसलेला. त्यांनी काम एका दमात सांगितलं. "आपण पोलीस नाही. गाडीला हात करायचा नाही, शिट्टी मारायची नाही. आपण फक्त माणसं धरायची. ही दोरी. एक टोक तुमच्याकडे, एक तुमच्याकडे, फुटपाथच्या कडेला धरून उभं राहायचं. गाड्या चालू असताना दोरी वर. हिरवा माणूस लागला की दोरी खाली. बावीस सेकंद मिळतात. शेवटच्या पाचला पुन्हा वर. जमेल?"

"जमेल," टेलर म्हणाला.

काकांनी दोरीचं टोक हातात घेऊन पाहिलं, पीळ बोटाने तपासला. "हिरवा लागला म्हणजे बस थांबली असं नसतं," ते म्हणाले. अकरा महिन्यांत आक्काशिवाय कुणाशी बोललेलं त्यांचं हे सगळ्यात लांब वाक्य असावं.

मॅडमना ते तेव्हा समजलं नाही. दोन दिवसांत समजलं.

काका माणसं थांबवण्यात पटाईत निघाले. इतके, की माणसं पलीकडे जाईनात. हिरवा माणूस लागायचा, बाकी सगळ्या दोऱ्या खाली जायच्या, आणि काकांची दोरी छातीच्या उंचीवर तशीच ताठ.

"अहो, हिरवा लागलाय," डबा घेतलेली एक बाई म्हणायची.

"बस सरकतेय."

"ती थांबलीये."

"टेकलीये. थांबली की फुस्स होतं."

"काय होतं?"

तेवढ्यात बसचा हँडब्रेक लागायचा, खालून हवा सुटायची, फुस्स. "आता जा," म्हणून काका दोरी सोडायचे. तोवर सात सेकंद राहिलेले. चारजण पळत जायचे, आणि पाचच्या आकड्याला दोरी परत वर. टेलर दुसऱ्या टोकाला शरमून आभाळाकडे बघत उभा.

तिसऱ्या दिवशी मॅडम आल्या. "काका, तक्रार आलीये. आमची माणसं काळजी घेत नाहीत अशा तक्रारी रोज येतात. फार काळजी घेतात म्हणून पहिलीच."

"फुस्स झालं नव्हतं," काका म्हणाले.

तेव्हापासून सगळा चौक त्यांना हँडब्रेक म्हणायला लागला. तोंडावर. त्यांनी ते पावासारखं स्वीकारलं.

पण दुसऱ्या आठवड्यात एक गंमत झाली. बसवाल्यांना कळलं की चौकात एकतीस वर्षांचा जुना ड्रायव्हर दोरी धरून उभा आहे आणि तो कान लावून ऐकतो. मग एकेकजण पट्ट्यांच्या अलीकडे वावभर लांबच बस थांबवायला लागला, आणि थांबवल्या थांबवल्या हँडब्रेक ओढायला लागला. कुणी खिडकीतून विचारायचा, "ऐकू आला का, उस्ताद?" काका दोरी खाली टाकायचे. माणसं बावीसच्या बावीस सेकंद जाऊ लागली. मॅडमनी वहीत काहीतरी लिहिलं, आणि ते तक्रारीच्या पानावर नव्हतं.

काका मात्र होते तिथेच, कडेच्या पिवळ्या रेघेच्या आत. आक्काचा दहाचा फोनही आता ते दोरी धरून तिथूनच घ्यायचे. दोरीवाल्याला पलीकडे जायचं कारणच पडत नाही, हे सलूनवाल्याच्या लक्षात आलं नव्हतं. महिना अर्धा सरला तरी काकांचं एक पाऊल डांबरावर पडलं नाही. सलूनवाला पलीकडून रिकामी खुर्ची गोल फिरवत बघत बसायचा.

आणि टेलर खुशीत होता. इतका की त्याने फ्रॉक शिवायला घेतला. गुलाबी कापड, सलूनवाल्याच्या पोटाचं माप डोळ्यांनीच घेतलेलं. पण गिऱ्हाइकांचं काम सोडून दुकानात तो शिवायला वेळ कुठला? म्हणून त्याने युक्ती काढली. दोरीचं आपलं टोक पँटच्या पट्ट्याला बांधलं, चांगली पक्की टेलरी गाठ मारून, आणि दोन्ही हात मोकळे करून उभ्या उभ्या फ्रिलला टाके घालू लागला. काकांनी दोरी वर केली की हा दोन पावलं मागे सरायचा, दोरी ताठ. काकांनी खाली केली की दोन पावलं पुढे. मॅडम लांबून बघायच्या, दोरी नीट वरखाली होते आहे, बस.

एक दिवस काका म्हणाले, "फ्रॉक कुणाचा?"

टेलरला खोटं बोलता येत नाही. लहानपणापासून प्रयत्न केला, जमलं नाही. त्याने सगळं सांगून टाकलं. बाकडं, केस, मिशी, फ्रिल, गुडघ्याच्या वर. सांगता सांगता त्याचा आवाज खाली खाली गेला, कारण ज्याच्यावर पैज लावली त्यालाच सांगताना ती तशी मजेशीर वाटेना.

काका बसकडे कान लावून होते. फुस्स झालं. दोरी खाली. माणसं गेली. दोरी वर.

"मग मी काय करायचं?" त्यांनी विचारलं.

"काही नाही. काहीच करू नका. तेच तर हवंय मला."

"बरं."

"रागावला नाहीत ना?"

काकांनी खरोखर आत बघून यावं तसा थोडा वेळ घेतला. "नाही," ते म्हणाले. "डावीकडची शिवण सुटतेय."

टेलरने पाहिलं. खरंच सुटत होती. तो टाके उसवून परत घालत राहिला. त्या दिवशी तो गाणं गुणगुणला नाही.

*

तीस तारखेला सकाळी साडेनऊला आक्काच्या दाराशी गाडी लागली. भाच्याने एक ट्रंक खाली आणली, दोन पिशव्या आणल्या, एक गुंडाळलेली गादी आणली आणि परत वर गेला. बराच वेळ कुणीच खाली आलं नाही.

काकांचा फोन वाजला. एका हातात दोरी, दुसऱ्या हाताने फोन कानाला.

"पाचवी पायरी," आक्का म्हणाली. धाप लागलेली. "अकरा राहिल्या."

"बरं."

"फोन ठेवते, कठडा धरायचाय."

टेलर सगळं ऐकत होता. त्याने सुई थांबवली. "काका," तो म्हणाला, "मी काही म्हणत नाहीये. पण माझ्यासाठी थांबत असाल तर थांबू नका."

"तुमच्यासाठी नाही थांबलो."

"मग?"

काकांनी दोरीचा पीळ मुठीत घट्ट केला.

मग दारातून आक्का बाहेर आली. वर्षभर गॅलरीत दिसायची ती मोठी दिसायची, कठड्याच्या मागे, वरून बोलणारी. जमिनीवर ती एवढीशी होती. बसच्या सीटवरून माणूस दिसतो तेवढीच. हातात काठी. भाचा गाडीचं मागचं दार उघडून गादी कोंबत होता, त्याची पाठ होती. आक्काने गाडीकडे पाहिलंही नाही. ती काठी टेकत टेकत पट्ट्यांपाशी आली आणि पलीकडच्या दोरीमागे माणसांत उभी राहिली.

हिरवा माणूस लागला. बावीस. पलीकडची दोरी खाली गेली आणि आक्का डांबरावर उतरली.

काकांच्या डोक्यात आकडे सुरू झाले. भीती नाही, माया नाही, नुसते आकडे. एकतीस वर्षं हेच केलं होतं, किती अंतर, किती वेग, किती वेळ. एक पट्टी, काठी, दुसरा पाय. एका पट्टीला चार सेकंद. पट्ट्या चोवीस. अठराला ती दुसऱ्या पट्टीवर होती. बाकीची माणसं तिच्या दोन्ही बाजूंनी वाहून गेली. दहाला ती चौथीवर होती. ती खाली बघत होती, काठीच्या टोकाकडे. सिग्नलकडे नाही, बसकडे नाही.

आठ.

चौकातल्या खांबापाशी मॅडमनी केव्हाच पेटी उघडून सिग्नल हाताने थांबवला होता. चारी बाजूंच्या गाड्यांना हात केला होता. तीन बसेसनी हँडब्रेक ओढले होते, तिन्ही फुस्स झाल्या होत्या. जगात त्या क्षणी त्या चौकाइतकी सुरक्षित जागा नसेल. पण काकांना त्यातलं काही ऐकू आलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा फुस्स ऐकू आलं नाही आणि ते थांबले नाहीत. त्यांचा पाय पिवळ्या रेघेवरून खाली गेला, मग दुसरा. दोरी मुठीत तशीच. सोडायची असते हे सुचलंच नाही.

दोरी ताठ झाली. दुसऱ्या टोकाला टेलर होता, पट्ट्याला बांधलेला.

"अहो काका," टेलर म्हणाला. "काका, मी आहे मागे. बांधलाय मी मला."

काका चालत राहिले. टेलरने एका हाताने फ्रॉक छातीशी धरला, दुसऱ्या हाताने गाठ ओढली. गाठ पक्की टेलरी होती. पँट वाचवायची की मिशी, असा प्रश्न त्याला एक क्षण पडला असावा. मग तोही डांबरावर उतरला आणि मागोमाग चालू लागला, सुईतला गुलाबी दोरा जमिनीवर लोळवत.

आक्का सहाव्या पट्टीवर होती. काका सगळ्या पट्ट्या तुडवत तिच्यासमोर जाऊन उभे राहिले. चारी बाजूंना गाड्या. कुणी हॉर्न दिला नाही.

आक्काने मान वर केली. "केस काय रे हे?"

"वाढलेत."

"ते दिसतंय मला." तिने त्यांच्या खांद्यामागे पाहिलं. "हा कोण बांधलाय तुला?"

"टेलर आहेत."

"का?"

"दोरी त्यांच्या पट्ट्याला आहे."

"नमस्कार," टेलर म्हणाला.

"नमस्कार," आक्का म्हणाली. "फ्रॉक छान आहे. जरा मोठा आहे." मग काकांना, "मी सहा आले. मला वाटलं अर्धं तरी मलाच यावं लागेल."

तिने काठी या हातातून त्या हातात घेतली आणि मोकळ्या झालेल्या हाताने त्यांचं कोपर धरलं, पाढा चुकल्यावर धरायची तसं. "चल. लोकांना कामाला जायचंय."

तिघं पलीकडे गेली. मॅडमनी पेटी बंद केली आणि चौक परत वाहू लागला.

*

सलूनवाल्याने महिनाभर एक भाषण पाठ केलं होतं. ते त्याने केलं नाही. खुर्चीवर फडकं मारलं, आणि काका बसल्यावर त्यांच्या गळ्याशी कापड बांधलं. "किती कमी करू?"

"तू बघ."

आक्का भिंतीच्या बाकावर बसली, काठी गुडघ्यांत उभी धरून. भाचा दोनदा दारात येऊन घड्याळ बघून गेला. तिसऱ्यांदा आला तेव्हा आक्का म्हणाली, "गाडीला काय पाय फुटणार आहेत? बस तिकडे."

वीस मिनिटं कात्रीचाच आवाज होता. आरशात काका आक्काला बघत होते आणि आक्का त्यांच्या मानेला. वर्षभर जे बोलायचं राहिलं होतं ते बोलायला ही जागा बरी होती, वेळही होता. एकदाच ती म्हणाली, "मागून अजून थोडे." सलूनवाल्याने मागून अजून थोडे कापले.

दाराशी ती म्हणाली, "पत्ता लिहून दिलाय तुला. बसने ये."

"बसने?"

"मागच्या सीटवर बसून. तुला कुणी चालवायला सांगत नाहीये."

"बघतो."

"बघ."

ती गाडीत बसली. काच खाली केली, वर केली. गाडी वळणावर गेली आणि मग तिथे फक्त वळण राहिलं. काका उभे होते. पोटात काही होतं का ते त्यांनी पुन्हा पाहिलं. दांडी इकडून तिकडे. नाही. फक्त मानेला गार लागत होतं. केस गेले होते आणि वारा होता. त्यांनी तिथे हात लावून पाहिला. गारच होतं.

परत यायची पैज कुणी लावलेली नव्हती. त्यामुळे ते कसे आले हे कुणी नीट पाहिलंही नाही. टेलर सांगतो की दोरीच्या गाठीशी झटापट करत तो पुढे होता आणि काका मागून आले. हिरवा लागला होता, बस फुस्स झाली होती, आणि आले.

*

टेलरने हरल्यावर खळखळ केली नाही. फक्त एकदा म्हणाला की काकांना ओढून नेलं असतं तर पैज बाद होती, आणि इथे तर ओढलं गेला तो स्वतः, याबद्दल नियम काय? लाँड्रीवाल्याने सांगितलं, नियम असा काही नाही, बस स्टुलावर.

संध्याकाळी सहाला चौकाच्या कोपऱ्यावर स्टूल ठेवलं. मॅडमनी परवानगी दिली, पण वहीत पैज असं लिहिता येत नाही, म्हणून 'प्रात्यक्षिक' लिहिलं. सलूनवाल्याने गळ्याशी कापड बांधलं, वाटीत फेस केला. माणसं जमली. बसच्या खिडक्यांतून डोकी बाहेर. वस्तरा दोन वेळा फिरला आणि एकोणीस वर्षांची अर्धी मिशी कापडावर पडली. एका टोकाचा पीळ अजून तसाच होता.

टेलर उठला, नारिंगी जाकीट सरळ केलं आणि पट्ट्यांच्या मधोमध जाऊन उभा राहिला. फ्रॉक दुकानाच्या खिडकीत लटकत होता. सलूनवाल्याच्या मापाचा असल्यामुळे आणखी कुणाला होणार नव्हता.

पहिल्या सिग्नलला सगळा फुटपाथ हसला. दुसऱ्याला एका बसवाल्याने आपल्याही मिशीला हात लावून सलाम केला, आणि टेलरनेही राहिलेल्या अर्ध्या मिशीला पीळ दिला. सलूनवाला मोठमोठ्याने मोजत होता.

गर्दी आवरायला मॅडमनी आज संध्याकाळीही दोरी लावली होती, आणि काका आपल्या टोकाला उभे होते. दुसऱ्या टोकाला कुणी नव्हतं, दोरी डांबरावर लोळत होती. तिसरा सिग्नल लागला. हिरवा माणूस. बस थांबली. फुस्स.

"चला," काका म्हणाले.

कुणी हललं नाही. सगळे टेलरकडे बघत होते.

"चला, बावीस सेकंदच आहेत."

कुणाचा पाय उचलेना. तेव्हा काकांनी दोरी ओढून घेतली, दुसरं टोक शोधलं आणि पट्ट्यांवरून मधे चालत गेले. टेलरच्या समोर उभे राहिले. बाकीची माणसं त्यांच्यामागून निघाली, दोन्ही बाजूंनी जाऊ लागली, जाता जाता वळून बघत.

काकांनी टोक पुढे केलं. "धरा. हाताने."

टेलरने ते हाताने धरलं. "आरसा नाही इथे," तो म्हणाला. "कुठली बाजू राहिलीये?"

काकांनी नीट बघितलं. "डावी."

"बरी दिसते?"

"नाही."

"सहा," पलीकडून सलूनवाला ओरडला. "पाच."

काकांनी आपलं टोक वर केलं. टेलरने त्याचं वर केलं. दोघं दोरी ताठ धरून भर रस्त्यात उभे राहिले, तिसरा सिग्नल पुरा होईपर्यंत.